तीन कुलपांची पेटी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी विचारले, की जगभर गरिबांना इतकी कर्जे वाटली जातात, तरी त्यांचे दारिद्र्य का हटत नाही. तेव्हा उत्तर अर्धेच राहिले, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमची शंका रास्त आहे. बांगलादेशात मुहम्मद युनुस यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये त्या दोघांना शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा छोटे कर्ज हाच गरिबीवरचा उपाय असे या क्षेत्रातले बहुतेक जण मानत होते. मीही मानत होते. पुढे २०१५ मध्ये सहा देशांतील अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जामुळे काहींचे धंदे वाढले होते, पण घराचे सरासरी उत्पन्न फारसे हलले नव्हते. ते वाचून मी खूप अस्वस्थ झाले होते.

इथे पश्चिम आफ्रिकेत, नायजरमध्ये आल्यावर मला त्याचा उलगडा होऊ लागला. १९९१ मध्ये केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने इथल्या मराडी भागात बायकांचे बचत गट सुरू केले. त्यांना बाहेरून भांडवल मिळत नाही. पैसा सगळा सभासदांचाच. मध्ये एक पत्र्याची पेटी असते, तिला तीन कुलपे, आणि तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, त्यामुळे कोणा एकीला ती उघडता येत नाही. बचतीचे जितके हिस्से विकत घ्यावेत तितके शिक्के सभासदाच्या पुस्तिकेत उमटतात. बैठक संपताना शिलकीचा आकडा मोठ्याने सांगतात, सगळ्या जणी तो पाठ करतात आणि पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी म्हणून दाखवतात. अक्षरओळख नसलेल्या बायकांचा हा चोख हिशेब पाहताना माझा ऊर भरून येतो. कर्जही याच पेटीतून मिळते आणि व्याज गटातच राहते. वर्षभराने सारी रक्कम वाटून घेतात.

माझ्या मते गरिबाला कर्जाइतकीच, किंबहुना अधिक, गरज असते ती पैसे सुरक्षित ठेवण्याच्या जागेची. पीक हाती आले की देणी भागवायला धान्य स्वस्तात विकावे लागते आणि पावसाळ्यात तेच महागात घ्यावे लागते. अशा घरात वह्या-पुस्तकांच्या वेळी हात रिकामाच असतो, आणि शाळा सुटते ती बहुधा मुलीची. नुसते बँकेत खाते उघडून हे टळत नाही. म्हणून आमच्या एका गटाने वाटपाची तारीख शाळा उघडण्याच्या आधीची धरली. मी हे सुचवले नव्हते, त्यांनीच ठरवले.

आईने विचारले होते, मुली शिकतात का. गेल्या बैठकीत एक मुलगी आईच्या पुस्तिकेतले शिक्के बोटाने मोजत होती आणि आई तिच्याकडून पुन्हा मोजून घेत होती. वाटप झाल्यावर ती शाळेत गेली की नाही, ते कळवीन.

आपली,
लेक