पाणीपुरवठ्याचे काका

संपादक साहेब, आमच्या गल्लीतले काका, नाशिक मनपाचे रिटायर्ड इंजिनिअर, नुकतेच गेले. १९८२ला महापालिका झाली तेव्हापासून पाणीपुरवठ्यात, गंगापूर धरणाचं पाणी कुठल्या जलकुंभात चढतं, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा सगळं तोंडपाठ, आणि पंचवटीत लाइन फुटली की रात्री स्वतः खड्ड्याजवळ उभे. २००८च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती (ज्याच्यावरून आम्ही पूर मोजतो) बुडाला तेव्हा आम्ही सगळे फोटो काढायला धावलो (नाशिककरच आम्ही!), हे मात्र सराफ बाजारात सरस्वती नाला बघत बसलेले, गोदावरी चढली की नाल्याचं पाणी पुढे जायला जागाच राहत नाही, उलटं बाजारात घुसतं, नुसता पाइप मोठा करून काय होणार, हे ते साहेबांनाही तोंडावर सांगायचे. त्यांच्यासाठी चार ओळी तरी छापाच.

एक वाचक, जुनं नाशिक