तपासणीआधी माप घ्या

महोदय,

जून उजाडला की शाळांच्या गेटवर गणवेशाची तपासणी सुरू होते आणि तिथे अडकलेली बरीचशी मुले पुढच्या आठ-पंधरा दिवसांत माझ्या दुकानात येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे शिलाईचे दुकान आहे. शाळेचे म्हणणे पालकसभेत कळते. मुलांचे म्हणणे माप घेताना कानावर पडते आणि ते सहसा टेपबरोबरच गुंडाळले जाते, म्हणून हे पत्र.

मुलांना गणवेश नकोच असतो, असे मला तरी दिसलेले नाही. नवा शर्ट घालून आरशासमोर दोनदा वळून बघणारीच जास्त. तक्रार असते ती अंगाला न बसणाऱ्या कपड्याची आणि कारण न सांगता लादलेल्या नियमाची. नववी-दहावीची मुले पँटची मोहरी बारीक करून मागतात. शाळेला ती रुंद हवी असते. मग हुशार पोरे सांगतात, "काकू, कापड कापू नका, माया आत राहू द्या." माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. तपासणीच्या दिवशी शिवण उसवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घ्यायची. काही जण तर आता हातशिलाई घरीच करतात. कार्यानुभवाच्या तासाला जे जमले नाही ते या नियमाने करून दाखवले!

मुलींचे मागणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यांना खिसा हवा असतो. मुलग्यांच्या पँटला दोन खिसे, शर्टाला एक. मुलींच्या स्कर्टला किंवा सलवार-कमीजला बहुतेक ठिकाणी एकही नाही. पाळीच्या दिवसांत पॅड न्यायचे तर दप्तर उचलून वर्गाबाहेर जावे लागते आणि दप्तर उचलले की सगळा वर्ग वळून बघतो. म्हणून मुली बाजूच्या शिवणीत, बाहेरून दिसणार नाही असा खिसा लावून घेतात. एकीला तो खिसा 'गणवेशात बसत नाही' म्हणून काढायला लावला. उसवायला ती माझ्याकडेच आली होती. काढून झाल्यावर हळूच विचारते, "आतून, नेफ्याला लावला तर कळेल का हो?" शनिवारच्या पांढऱ्या ड्रेसचीही तीच गत. पांढरी सलवार घालून मैदानात कवायत करायची म्हणजे काय, हे कोणत्याही आईला विचारा. मुलींनी त्यावर तोड काढली आहे : शनिवारी पोट दुखते. हजेरीपटावर गैरहजेरी लागते, गणवेशाबद्दल चकार शब्द निघत नाही.

इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरातली जून 2017 मधली गोष्ट माझ्या मुलीने मला मोबाइलवर दाखवली. कडक उन्हाळा होता, मुलग्यांनी हाफपँटची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग तीसेक मुले चक्क स्कर्ट घालून शाळेत आली, कारण स्कर्ट शाळेच्या गणवेशात होताच. पुढच्या वर्षीपासून हाफपँट चालेल, असे शाळेला सांगावे लागले. आपल्याकडे असे कुणी केले असते तर दाखलाच हातात पडला असता.

माप न घेता गणवेश ठरवण्यात सरकारही मागे नाही. 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत 2024-25 साली कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. बायकांना काम मिळावे या हेतूला मी नाव ठेवणार नाही. पण 15 ऑगस्ट उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते, आणि जे पोहोचले त्यांत कुणाचा शर्ट गुडघ्याला टेकलेला, तर कुणाची गळ्याची गुंडी लागत नव्हती. अखेर डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला.

हे चांगले झाले. पण समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला 300 रुपये धरलेले आहेत. कापड, बटणे, चेन आणि शिलाई धरून आठवीच्या मुलाचा शर्ट-पँट त्यात बसवायचा म्हटले की कापड ओढूनताणून पुरवावे लागते आणि पहिली काट मायेला लागते. वाढत्या अंगाच्या पोराच्या पँटला खाली सोडायला दुमडच नसेल, तर दिवाळीनंतर ती घोट्याच्या वर जाणारच. मग तेच पोर गेटवर आखूड पँटसाठी उभे राहते. बजेट ठरवले मोठ्यांनी, कापड निवडले मोठ्यांनी, उन्हात मात्र ते.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. गणवेश नाही म्हणून प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांपुढे उभे करणे, अर्धा तास बाहेर ठेवणे, यात बसत नाही असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी एकदा त्या रांगेत उभे राहून बघावे. खाजगी शाळांत ठराविक दुकानातूनच कपडे घ्यायची सक्ती असते, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

याच कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तरीही मुलींचा ड्रेस ठरतो तेव्हा बोलतात ते मुख्याध्यापक आणि कापडवाले. पुढच्या वर्षीचा गणवेश ठरवणाऱ्या बैठकीला वरच्या वर्गांतली दोन मुले, दोन मुली आणि गावातला शिवणारा एक माणूस बोलवा. शनिवारची सलवार गडद रंगाची करा. ज्याला सरकारी गणवेश मिळालेलाच नाही त्याला गेटवर अडवू नका. आणि मुलींच्या कपड्याला खिसा द्या. वीत-दीड वीत कापड लागते. त्याची शिलाई मी घेणार नाही.

— एक शिलाईकाम करणारी वाचक, जि. सोलापूर