'टोरी' मूळचे दरबारी नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाविषयीच्या बातम्यांत त्या पक्षासाठी 'टोरी' हा शब्द नेहमी येतो आणि 'हुजूर' या मराठी नावामुळे तोही मूळचा दरबारी, खानदानी असावा असा समज पसरला आहे. नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलेही तसेच धरून चालतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

हा शब्द आयर्लंडच्या रानातला आहे. आयरिश भाषेत 'तोर' म्हणजे पाठलाग. त्यावरून 'तोरी' म्हणजे पाठलाग करणारा, लुटारू. इंग्लंडचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या फौजेने १६४९ पासून आयर्लंड जिंकत नेले आणि १६५२ च्या कायद्याने कॅथलिकांच्या जमिनींवर टाच आणली, तेव्हा देशोधडीला लागलेली माणसे व मोडलेल्या सैन्यातले शिपाई दलदलीत आणि जंगलांत दडून नव्या जमीनमालकांवर छापे घालू लागले. त्यांत निव्वळ वाटमारेही होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु इंग्रजांनी सर्वांना सरसकट 'टोरी' म्हटले. १६५७ साली इंग्लंडच्या संसदेत एका सदस्याने लांडगा, कॅथलिक धर्मगुरू आणि टोरी अशी नायनाट करण्याजोगी तीन जनावरे एका दमात मोजली. नामांकित टोरीच्या डोक्याला २० पौंड इनाम होते. रेडमंड ओहॅन्लन या गाजलेल्या टोरीला १६८१ मध्ये इनामासाठी त्याच्या दूधभावानेच ठार केले.

नेमक्या त्याच काळात, १६७९ ते १६८१ दरम्यान, राजा दुसऱ्या चार्ल्सचा भाऊ, कॅथलिक असलेल्या जेम्सला गादीच्या वारसाहक्कातून वगळू नये म्हणणाऱ्या इंग्लिश सरदारांना त्यांच्या विरोधकांनी 'टोरी' अशी शिवी दिली. त्यांनीही उलट विरोधकांना 'व्हिग' हे स्कॉटिश बंडखोरांचे नाव चिकटवले. पुढे १८३४ च्या सुमारास पक्षाने 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हे नाव घेतले, तरी जुने नाव सुटले नाही.

आपल्या जिल्ह्यातही १८५७ मध्ये सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोट्याजवळ इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला ठार करणारे भागोजी नाईक आणि त्यांचे भिल्ल साथीदार इंग्रजांच्या कागदोपत्री दरोडेखोरच ठरले. तेव्हा स्थानिक इतिहासावरील लेखांत गॅझेटियरमधली (इंग्रजकालीन सरकारी जिल्हा माहितीग्रंथांतली) अशी विशेषणे जशीच्या तशी उतरवली जाऊ नयेत, आणि 'टोरी' शब्द येईल तेथे त्याचा मूळ अर्थ निदान एकदा चौकटीत द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक