थवा उडवून दाखवण्याचा हट्ट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवारची सुट्टी साधून लहान मुलांना भिगवणला पक्षी दाखवायला नेणाऱ्या कुटुंबांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. मॉलमध्ये दिवस घालवण्याऐवजी घरची मंडळी पोराटोरांना पहाटे उठवून उजनी धरणाच्या पाणलोटावर नेतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. यंदा जानेवारीत मीही भाचरांना आणि पुतणीला घेऊन भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो होतो. तिथे जे पाहिले, त्यावरून माझ्यासारख्या मामा-काकांना, मावशी-आत्यांना आणि संबंधित यंत्रणांना एक कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमची होडी पाण्यात बरीच आत गेल्यावर नावाड्याने इंजिन बंद केले आणि बांबूने तळाचा अंदाज घेत ती पुढे रेटायला सुरुवात केली. समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, मोठा थवा चरत होता. तेवढ्यात दुसरी एक होडी इंजिन चालू ठेवूनच थेट थव्याच्या रोखाने निघाली. तिच्यातले एक गृहस्थ मोबाईल उंच धरून उभे होते आणि “अजून जवळ घ्या, उडाले पाहिजेत, पोरांना उडताना बघायचेत,” असे नावाड्याला बजावत होते. थवा उडाला, पंखांखालचा लाल आणि काळा रंग क्षणभर दिसला, टाळ्या वाजल्या आणि होडी माघारी फिरली. पक्षी दूर जाऊन उतरले, पण थोड्याच वेळात तिसरी होडी त्यांच्याकडे निघालेली आम्ही पाहिली. सूर्योदयापासून ऊन तापेपर्यंत गर्दीच्या दिवशी हे किती वेळा होत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

रोहित हा जड अंगाचा पक्षी आहे. त्याला बगळ्यासारखे उभ्या जागेवरून थेट उडता येत नाही. पाण्यातून धावत काही पावले टाकून मगच तो हवेत जातो, आणि त्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. दुसरी गोष्ट त्याच्या चरण्याच्या जागेची. त्याला पाय टेकतील एवढे उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पावसाळ्यानंतर ते तुडुंब भरलेले असताना काठापर्यंत खोल पाणी असते. कालव्यांना आणि नदीला पाणी सुटू लागले, पातळी उतरली, की गाळाचे पट्टे हळूहळू मोकळे होतात आणि मग रोहित येतात. म्हणूनच ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेले राहते, त्या वर्षी रोहितही उशिरा दिसतात. एवढ्या विस्तीर्ण जलाशयात त्यांच्या कामाचे पाणी म्हणजे काठालगतचा थोडासाच पट्टा असतो, आणि आपण पुन्हा पुन्हा त्यांना नेमके तिथूनच उठवत असतो.

मुलांना थवा उडालेलाच हवा असतो, हे तर मला अजिबात पटत नाही. आमच्या होडीतल्या मुलांनी दुर्बिणीतून जे पाहिले, ते बसलेल्या, चरणाऱ्या पक्ष्यांतच दिसू शकत होते. एक रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि दोन्ही पायांनी गाळ तुडवत स्वतःभोवती गोल फिरतो, हे भाच्याने सर्वांत आधी टिपले. चोचीच्या आतल्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. जिभेने पाणी आत ओढून बाहेर ढकलताना सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जलचर त्या दात्यांत अडकतात, आणि अशाच अन्नातून पिसांना गुलाबी रंग येतो, असे मी त्याला सांगितले. त्यावर पुतणीने, मग ते मधले राखाडी कोण, असा प्रश्न केला. ती वयात न आलेली पिल्ले होती, ज्यांना पूर्ण गुलाबी व्हायला अजून काही वर्षे लागतात. होडी थव्यात घुसली असती, तर हा प्रश्न तिला सुचलाच नसता.

मुलांना आणखी एक गोष्ट शिकवता येते आणि ती शिकवायलाच हवी. निवांत चरणाऱ्या रोहितांच्या माना खाली असतात. होडी नको तेवढी जवळ आली की एकेक मान वर होते, चरणे थांबते आणि सगळे एकाच दिशेला चालू लागतात. याचा अर्थ आपण थांबायला हवे. आम्ही हे काम मुलांवरच सोपवले होते, आणि माना वर होताच “काका, थांबा” असे नावाड्याला सांगण्यात त्यांना फार अभिमान वाटत होता.

यात नावाड्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्यातले अनेक जण मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतले आहेत. चिलापी माशांच्या जाळ्यांबरोबर हिवाळ्यातले पर्यटन हा त्यांच्या घरचा मोठा आधार आहे. त्यांना पक्षी ओळखता येतात; पट्टकादंब हंसांचा थवा नजरेच्या टप्प्यात येण्याआधी आमच्या नावाड्याने तो नुसत्या आवाजावरून सांगितला होता. पण होडीचे पैसे देणारा माणूस हट्ट धरून बसला, तर एकट्या नावाड्याला नकार देणे अवघड जाते. म्हणून थव्यापासून किमान किती अंतर राखायचे हे वन विभागाने, ग्रामपंचायतींनी आणि नावाड्यांनी मिळून ठरवावे आणि त्याचा मराठीतला ठळक फलक प्रत्येक धक्क्यावर लावावा. फलकाकडे बोट दाखवता आले, की नावाड्याला वाद घालावा लागणार नाही.

त्याच धक्क्यावर मुलांच्या सुरक्षिततेचीही सोय व्हावी. बऱ्याच ठिकाणी लाइफ जॅकेट दिले जाते, पण ते मोठ्यांच्या मापाचे असते. सहा वर्षांच्या मुलाच्या अंगात ते घातले की खांद्यावरून निसटते आणि पाण्यात पडल्यास डोक्यावरून निघून जाण्याचा धोका असतो. मे 2024 मध्ये याच उजनी जलाशयात कुगाव ते कळाशीदरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला आणि मृतांत लहान मुलेही होती. हिवाळ्यात पाणी शांत दिसते म्हणून याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. लहान मापाची जॅकेट प्रत्येक धक्क्यावर असावीत, होडीत किती माणसे बसवायची तो आकडा होडीवरच रंगवलेला असावा आणि त्यात मांडीवरचे मूलही मोजले जावे. पालकांनीही जॅकेट फोटोपुरते न घालता, पट्टे आवळून, होडी काठाला लागेपर्यंत मुलांच्या अंगात ठेवावे.

ज्यांची मुले अगदी लहान आहेत, त्यांनी होडीत बसण्याचा आग्रहच धरू नये. कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावरून सकाळच्या उन्हात शेकाट्या, चमचे, चित्रबलाक, चक्रवाक हे पक्षी सहज दिसतात, आणि एखादी साधी दुर्बीण असली तर रोहितही दिसतात. तिथे मुलांना हवा तेवढा वेळ घेता येतो आणि घाईही नसते.

पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, संबंधित विभागांनी नावाड्यांची आणि ग्रामपंचायतींची एकत्र बैठक घ्यावी, आणि आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत भिगवणच्या सहलीची माहिती छापताना अंतराचा आणि लहान जॅकेटचा हा मुद्दा त्यात अवश्य घ्यावा, अशी विनंती करतो.

आपला,
एक नियमित वाचक,
पुणे