पंप, सेन्सर आणि रात्री दोनचा फोन

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

फोनवर माझ्या इन्सुलिन पंपाबद्दल बोलायला घेतलं की दोन मिनिटांत गाडी "साखर आत्ता किती आहे?" वर येते आणि बाकीचं राहून जातं. म्हणून लिहूनच काढते. बाबा, तुम्ही सगळं वाचालच, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचाल. आई, मधला यंत्राचा भाग सोडलास तरी चालेल, पण फोनबद्दल लिहिलंय ते मात्र नीट वाच.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आता सगळं मशीनच बघणार ना?" अर्धंमुर्धं बघतं. माझा टाइप १ डायबिटीस आहे तसाच आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी काही परत यायच्या नाहीत. बदलली ती इन्सुलिन देण्याची पद्धत. इन्सुलिनचं पेन (पेनसारखं इंजेक्शन) वापरायचे तेव्हा दोन प्रकारचं घ्यायचे, रात्री एकदा चोवीस तास पुरणारं आणि जेवणाआधी झटपट काम करणारं. पंपात फक्त झटपटवालं भरतात. ते दिवसरात्र अगदी थोडंथोडं आत जात राहतं, त्याला बेसल म्हणतात. जेवताना मी बटण दाबून वेगळा डोस देते, तो बोलस.

मी पंपाकडे वळले ती पहाटेमुळे. पहाटे तीन-चारच्या सुमाराला शरीरात काही हार्मोन्स वाढतात आणि साखर झोपेतच चढायला लागते. त्यासाठी रात्रीचं इंजेक्शन वाढवलं की सकाळचा आकडा सुधारायचा, पण मध्यरात्री साखर खाली यायची. एकदा टोचलेलं इन्सुलिन तासागणिक कमीजास्त करता येत नाही ना. पंपात करता येतं: मध्यरात्री कमी, तीननंतर जास्त, उठल्यावर पुन्हा कमी. शिवाय पेनने अर्ध्या युनिटच्या खाली जाता येत नाही; पंप युनिटचा विसावा भागसुद्धा मोजून देतो.

प्रकार दोन होते. एक नळीचा, म्हणजे यंत्र खिशात आणि तिथून बारीक नळी पोटावरच्या चिकटपट्टीपर्यंत. दुसरा बिननळीचा, इन्सुलिनसकट अख्खी डबीच अंगाला चिकटवायची. आई, तुला दुसरा आवडला होता, कपड्यांत दिसत नाही म्हणून. मी पहिला घेतला. आंघोळीला जाताना नळी सोडवून यंत्र बाजूला ठेवता येतं, आणि त्वचेखालची कॅन्युला, म्हणजे इन्सुलिन आत सोडणारी इवलीशी नळी, बिघडली तर तेवढीच बदलायची, आतलं इन्सुलिन वाया जात नाही. त्रास एकच, पण रोजचा. नळी दाराच्या मुठीत अडकते आणि पोटाला असा हिसका बसतो की दाराशी भांडावंसं वाटतं.

दिसण्यापेक्षा मी जास्त चौकशी केली ती वेगळ्याच गोष्टींची. प्रत्येक पंप प्रत्येक सेन्सरशी (अंगाला लावून साखर मोजणाऱ्या यंत्राशी) जुळत नाही, त्यामुळे जोडी आधी बघावी लागते. आणि यंत्र काही वर्षांतून एकदा घ्यायचं असतं, सामान मात्र कायमचं. नळी, चिकटपट्टी आणि कॅन्युलाचा सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा, सेन्सर कंपनीप्रमाणे एक-दोन आठवड्यांनी. ते वेळेवर मिळणार नसेल तर उत्तम पंपही निरुपयोगी. निर्णय घेण्याआधी डॉक्टरांनी नुसतं सलाईन भरून पंप लावायला दिला होता, तो फार उपयोगी पडला. पंप लावून झोपता येतं का, हे माहितीपत्रक वाचून कसं कळणार?

(बाबा, एक गंमत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आर्नोल्ड कॅडिश नावाच्या डॉक्टरांनी असा पंप बनवला होता, तो पाठीवर बांधायच्या पिशवीएवढा होता. माझा खिशात मावतो, तेव्हा तक्रार करायची सोय नाही.)

सेट बदलायला आता फार वेळ लागत नाही, पण घाई केलेली खपत नाही. इन्सुलिन फ्रीजमधून आधीच काढून ठेवायचं, कारण गार भरलं तर नंतर नळीत हवेचे बुडबुडे धरतात. तेवढा बुडबुडा म्हणजे तेवढं इन्सुलिन कमी. भरताना टिचक्या मारून हवा वर काढायची, नळीच्या टोकाशी थेंब दिसेपर्यंत थांबायचं, मग पोटावर नवी जागा शोधायची. तीच तीच जागा वापरली तर कातडीखाली गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. स्प्रिंगचा खट् आवाज होतो आणि कॅन्युला आत. इन्सुलिनला औषधी पट्टीसारखा एक उग्र वास असतो. शर्टाला तो आला की समजायचं, कुठेतरी गळतंय.

आता जे तुम्हाला माहीत असायलाच हवं ते. पंपात लांब टिकणारं इन्सुलिन नसल्यामुळे कॅन्युला दुमडली किंवा नळी सुटली, तर काही तासांतच शरीरात इन्सुलिन उरत नाही. साखर चढते, कीटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) वाढतात, मळमळ सुरू होते. म्हणून साखर २५० च्या वर कारणाशिवाय गेली आणि पंपाने दिलेल्या डोसने तासा-दोन तासांत उतरली नाही, तर मी पंपावर विश्वास ठेवत नाही. कीटोन तपासते, पेनने इंजेक्शन घेते आणि सेट बदलते. पेन त्यासाठीच कायम माझ्या पिशवीत असतं. तुमच्याकडे असताना मला उलट्या होत असतील आणि साखर वाढलेली असेल, तर अपचन म्हणून झोपू देऊ नका. कीटोन बघायला लावा, नाहीतर सरळ दवाखान्यात न्या.

आणि उलट झालं, साखर उतरून मी शुद्धीवर नसले, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकागॉन, म्हणजे साखर पटकन वाढवणारं औषध, द्यायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि पंपाची नळी सोडवायची. चिकटपट्टीवर एक छोटी चकती आहे, ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ओढली की नळी सुटते. आले की हे करून दाखवीन आणि बाबांकडून करून घेईन.

आता सेन्सर, म्हणजे दंडावरचं ते बटण. बाबा, तो रक्तातली साखर मोजत नाही. कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असते. साखर भरभर बदलत असते तेव्हा हे अंतर चांगलंच जाणवतं. मी ६२ ला ग्लुकोजच्या गोळ्या खाल्ल्या, तरी थोडा वेळ तो आणखी खालीच दाखवत राहतो. तेव्हा आणखी खात सुटलं की तासाभराने आकडा आभाळाला. नियम जुनाच आहे: १५ ग्रॅम घ्यायचे आणि १५ मिनिटं थांबायचं. ती १५ मिनिटं फार लांब असतात. शंका आली तर बोट टोचून बघते; ग्लुकोमीटर काही अडगळीत टाकलेला नाही. खरं तर मी आकड्याआधी बाण बघते. १०० आणि सरळ आडवा बाण असेल तर निवांत झोप. १०० आणि खाली जाणारे दोन बाण म्हणजे उठून काहीतरी खायचं.

पंप आणि सेन्सर आपसांत जोडलेले आहेत. दर पाच मिनिटांनी आकडा पंपाकडे जातो आणि पंप पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज बांधून बेसल कमी करतो, थांबवतो किंवा वाढवतो. अशा पद्धतीचा पहिला पंप अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाला, मिनिमेड ६७०जी. पण जेवणाचं त्याला मलाच सांगावं लागतं, किती ग्रॅम कार्बोहायड्रेट, तेही आधी. सांगितलं नाही तर तो साखर चढल्यावर धावाधाव करतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

बाबा, तुमच्या त्या वहीत तारीखवार आकडे असायचे आणि १८० च्या वरचे लाल शाईत. आता दिवसाला २८८ आकडे येतात. लाल पेन पुरायचं नाही. हल्ली डॉक्टर विचारतात ते एवढंच, की ७० ते १८० च्या मध्ये किती वेळ होतीस? २०१९ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेलं लक्ष्य ७० टक्क्यांहून जास्त असं आहे, म्हणजे दिवसाचे जवळजवळ सतरा तास. उरलेले सात तास इकडेतिकडे झाले तरी कोणी रागवत नाही. ७० च्या खालचा वेळ मात्र ४ टक्क्यांच्या आत हवा, साधारण तासभर. माझा अहवाल यात बसतो. म्हणून जेवणानंतरचा २१० बघून फोन करू नका.

आणि आता आई, तुझा फोन. माझ्या सेन्सरचे आकडे ॲपमधून तुझ्या फोनवरही दिसतात, आणि परवा रात्री दोनला तू "५४ दाखवतोय, उठ!" म्हणून उठवलंस. मी सेन्सरच्या कुशीवर झोपले होते. दंड दाबला गेला की तो उगीच कमी आकडा दाखवतो. कूस बदलली आणि थोड्या वेळात १०८ झाला. तुला मात्र त्यानंतर झोप लागली नाही, हे बाबांनी सांगितलं.

लहानपणी रात्री उठून तू माझं बोट टोचायचीस, मला जाग न येऊ देता. ती सवय एका ॲपने जागी केली, हे मला कळतं. आणि खरं सांगू? कोणीतरी बघतंय याचं मला बरंही वाटतं. म्हणून तुला ॲपमधून काढत नाहीये. पण आकडा खाली जायला लागला की आधी पंप स्वतः इन्सुलिन थांबवतो, मग माझा फोन बोंबलतो, आणि त्यानंतर तुझी पाळी. तुझ्या फोनवर फक्त ५५ च्या खालचा अलार्म ठेव, तोही वीस मिनिटं तसाच राहिला तर वाजेल असा. बाकीचे सगळे बंद. बाबांनी सेटिंग करून द्यावं. तो वाजला तर मला दोनदा फोन कर. उचलला नाही तर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला कर, तिला ग्लुकागॉन देता येतं, आम्ही सराव केलाय. दिवसा आलेख बघायची मुभा आहे, त्यावर टिप्पणी करायची नाही. निदान जेवत असताना तरी नाही.

पुढच्या महिन्यात येतेय. सेन्सर बदलायचा दिवस तेव्हाच येईल असं दिसतंय.

तुमचीच,
मनी

ता. क. : माझं जादा इन्सुलिन तुमच्या फ्रीजच्या दारात ठेवणार आहे. आवरताना कोणी ते मागे, फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून सरकवू नका. एकदा गोठलं की वितळल्यावरही ते टाकूनच द्यावं लागतं.