भाड्याच्या गेमवर बंदी कशाला?

महोदय,
प्लेस्टेशनचा नवा गेम चार-पाच हजारांना पडतो. आमचे चिरंजीव तो आठवड्यात संपवतात, मग डबी कपाटावर धूळ खाते. म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून डिस्क भाड्याने आणतो. डिपॉझिट ठेवायचे, परत देताना दुकानदार ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे तपासणार. (सासऱ्यांनीही जावई इतका पारखला नव्हता!)

आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम (त्यात गेमही आले) भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडेच आहे; त्याच्या परवानगीशिवाय दुकानदाराला बंदी. अमेरिकेने 1990 मध्ये सॉफ्टवेअरवर अशी बंदी आणली, पण कन्सोलचे (फक्त खेळायच्या यंत्रांचे) गेम वगळले; तेव्हा गेम ज्या डबीत येई त्या कार्ट्रिजची घरी सहज नक्कल होत नसे. डिस्कची तरी आम्हाला कुठे जमते? तीच सवलत इथेही द्यावी. वयाचा शिक्का न बघता पोरांना मारधाडीचे गेम देणाऱ्यांना मात्र खुशाल दंड करा.

— एक पालक, डोंबिवली (पूर्व)