आवाज माझा, चेहरा दुसरीचा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची. वय ४६. गेली २३ वर्षं नाटक, मालिका, सिनेमा, मिळेल ते काम करते आहे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयासाठी मिळालेली दोन रौप्यपदकं माझ्या कपाटात आहेत. ती आपल्याच खात्यानं दिलेली आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

परवा दुपारी मला एक फोन आला. त्याआधीचं थोडं सांगते.

एका मराठी चित्रपटात मला ऊसतोड कामगार बाईची भूमिका मिळाली होती. चार ऑडिशन झाल्या, लुक टेस्ट झाली आणि कास्टिंगच्या मुलाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, ‘ताई, तुम्ही लॉक.’ आमच्याकडे लॉक म्हणजे काम पक्कं, त्या तारखा दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत. मी एक मालिका सोडली. मग शिरोळ तालुक्यात बीडहून आलेल्या एका ऊसतोड टोळीबरोबर स्वतःच्या खर्चानं अकरा दिवस कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत राहिले. पहाटे चारला उठून फडात जायचं, बुडख्याला कोयता घालायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना नजर पायाकडे न्यायची नसते, समोर ठेवायची असते. खाली बघितलं की मान कलते आणि तोल जातो. हे मला तिसऱ्या दिवशी पडल्यावर समजलं. डावा गुडघा अजून दुखतो.

त्या कोपीतल्या बाईनं मला एकदा भाकरी थापता थापता विचारलं, ‘ताई, तुमी उचल किती घेतली?’ उचल म्हणजे आगाऊ पैसे. म्हटलं, अजून काहीच नाही. तिनं हात थांबवला. ‘मग कागद तरी झाला का?’ म्हटलं, कागदही नाही. ती म्हणाली, ‘आमचा मुकादमसुदिक कागद करतो की.’

परवाचा फोन असा: ती भूमिका आता दुसरी मुलगी करणार आहे. तिचे इन्स्टाग्रामवर १८ लाख फॉलोअर आहेत, ओटीटीला सिनेमा विकायचा तर निर्मात्याला चेहरा लागतो. ‘पण ताई, डबिंगला तुम्हीच या. तुमचा आवाज फार खरा आहे. आणि दोन दिवस सेटवर येऊन तिला मोळीबिळी शिकवा, त्याचे वेगळे पैसे देऊ.’

महोदय, माझा आवाज खरा आहे आणि चेहरा चालत नाही. हे वाक्य मी परवापासून किती वेळा मनात म्हटलं असेल, मोजदाद नाही. रात्री आरशासमोर बसले होते. कपाळावरच्या आठ्या, गालावरचे वांग, हेच तर त्या भूमिकेतल्या बाईचं रूप होतं. ते मेकअपनं काढायचं आणि रंगवून पुन्हा दुसरीच्या तोंडावर आणायचं, याला सिनेमा म्हणायचं?

त्या मुलीवर माझा राग नाही. तिनं स्वतः फोन केला, ‘ताई, मला काहीच येत नाही, भीती वाटतेय’ म्हणाली. तिलाही फसवतच आहेत. पाच वर्षांनी तिचे फॉलोअर कमी झाले की तिलाही असाच फोन जाईल.

आता आपल्याकडे मागणं. १९८१ साली संसदेनं सिने कामगारांसाठी कायदा केला. निर्मात्यानं कलाकाराशी लेखी करार केल्याशिवाय त्याला कामावर घ्यायचं नाही, असं त्यात होतं. आता त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे. २३ वर्षांत माझ्या हातात सहीचा कागद किती वेळा पडला? चार वेळा. त्यातल्या दोन वेळा चित्रीकरण संपल्यावर. मेहनताना ९० दिवसांनी मिळणं हा तर आमच्याकडे अलिखित नियम झाला आहे, आणि ९० दिवस संपले की फोन उचलायचे बंद होतात. कायदा केंद्राचा, खातं कामगारांचं, असं उत्तर मला येईल हे मला माहीत आहे. पण मराठी चित्रपटाला दर्जानुसार अनुदान कोण देतं? आपलं सरकार देतं. मग अनुदानाचा अर्ज करताना प्रत्येक कलाकाराचा करार आणि त्याला पैसे पोचल्याचा पुरावा जोडायला सांगा. त्यात पडद्यावर दोन मिनिटं दिसणारेही धरा. नसेल तर फाइल परत करा. याला नवा कायदा लागत नाही.

दुसरं मागणं आमचं ऐकणाऱ्या समितीचं होतं, पण ते लिहिताना हात थांबतोय. कारण मागून काय होणार?

केरळ सरकारनं २०१७ मध्ये तिथल्या चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीवर न्यायमूर्ती हेमा समिती नेमली. अहवाल २०१९ च्या डिसेंबरात सरकारकडे गेला आणि लोकांसमोर आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. साडेचार वर्षं तो दाबून ठेवला, हे खरंच. पण तिथे निदान समिती नेमली गेली, बायका तिच्यासमोर बोलल्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली जिथे सिनेमा उभा केला, त्या राज्यात आमच्याशी असं कुणी बसून बोललंय का? मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरच्या गल्ल्यांत रोज शेकडो मुलंमुली ऑडिशनसाठी उन्हात उभी असतात. स्वच्छतागृह नाही, बसायला बाकडं नाही. नाव, वय, उंची सांगा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा, झालं. आता फॉर्मवर फॉलोअरची संख्या लिहायचा रकाना आहे. आजवर काय काय काम केलं आहे, याला मात्र एक ओळ.

निळू फुले पुण्यात माळीकाम करत होते. ओम पुरींच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या. आजच्या रकान्यात यांतल्या कुणी काय लिहिलं असतं? त्यांना कुणीतरी माणूस म्हणून निरखून पाहिलं, म्हणून ते आपल्याला मिळाले. तसं पाहणारे आजही आहेत, पण आकडा बघणाऱ्यांच्या हातात पैसा आहे.

आमच्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली उभी राहिली, मग पुण्याला गेली. तिथे नट महिन्याच्या पगारावर होता. तिच्याच जागेवर १९६० पासून चित्रपट प्रशिक्षण संस्था चालते आहे. म्हणजे नट घडवावा लागतो, हे या देशाला साठ वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आता बड्यांच्या मुलाला लॉन्च करतात. दहा वर्षं ज्यानं एकांकिका केल्या, सतरंज्या घातल्या, प्रकाशयोजनेच्या वायरी गुंडाळल्या, तो त्या लॉन्चमध्ये नायकाचा मित्र होतो, आणि संकलनात त्याचंच वाक्य कापलं जातं. नटाच्या एका सिनेमाच्या मानधनाच्या बातम्या १०० कोटींच्या येतात. मला दिवसाचे ४,००० मिळतात, त्यातून काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचा वाटा जातो.

आणि साहेब, यात तुम्ही सगळे आहात. दहीहंडीला थरांपेक्षा मोठा फ्लेक्स कुणाचा असतो? प्रचारसभेला गर्दी जमवायला कुणाला आणता? शहरात एखादा तारा आला की पोलीस रस्ता अडवतात, मंत्री हार घालतात, चॅनलवाले त्याच्या विमानतळावरच्या कपड्यांची बातमी करतात. त्याच संध्याकाळी नाट्यगृहात एखादं पोर जीव ओतून काम करत असतं आणि समोर चाळीस माणसं असतात. मोठं कोण, हे लोकांनी तुमच्याकडे बघूनच ठरवलं.

आमचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं. मी पहिल्यांदा रंगमंचावर पाय ठेवला तो तिथे, नऊ वर्षांची असताना. त्या रात्री आम्ही रस्त्यावर उभे राहून रडलो. सत्तर वर्षांचे आमचे मेकअपमन काका कठड्याला धरून बसले होते, उठेचनात. वास्तू पुन्हा बांधता येते, आणि बांधलीच पाहिजे. पण तिथे शिकलेल्या पोरानं पुढे कुठे जायचं? मुंबईला जाऊन आधी रील करायचं?

माझ्याकडे बारावीतली एक मुलगी अभिनय शिकायला येते. उत्तम आहे. दोन ओळींमध्ये थांबायचं कुठे, हे तिला न शिकवता कळतं. परवाच्या फोननंतर तिला काय सांगायचं, मला सुचत नाही. काल ती आली, तेव्हा ‘डोकं दुखतंय’ म्हणून मी तिला परत पाठवलं. २३ वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

डबिंगचं उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं आहे. घराचा हप्ता दहा तारखेला जातो, त्यामुळे नाही म्हणताना मला दहा वेळा विचार करावा लागतोय. शिरोळच्या त्या बाईचाही काल फोन होता, ‘पिच्चर कवा येनार?’ म्हणून.

माझ्याकडे ‘लॉक’ लिहिलेला तो मेसेज आहे, तारखेसकट. तो घेऊन मी कोणत्या कार्यालयात, कोणाच्या टेबलावर जायचं, आणि तिथे तो कागद म्हणून धरतील का, एवढं सोमवारच्या आत आपल्या खात्यानं मला कळवावं.

आपली,
कोल्हापूरची एक अभिनेत्री